कॉर्कच्या तटावर दोन सेनापती

मेधाताईंनी फोन आपटला आणि मी कॉर्कचं तिकीट काढलं. यंदा आयर्लंडमधल्या डब्लिन आणि कॉर्कच्या मराठी मंडळींनी दिवाळी एकत्र करायची ठरवली होती. पण प्रमुख कोण? बारा वर्षं डब्लिनची दिवाळी मी सांभाळते, कॉर्कची त्या. जमलं नसतं तर दोन दिवाळ्या झाल्या असत्या आणि या देशातली माझी पहिली मैत्रीण मी गमावली असती.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्क अडीच तास. तिकीट आधी ऑनलाइन काढा, स्वस्त पडतं. मेधाताई कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यातून सुट्टी घेऊन आल्या होत्या. चेहरा घट्ट. "आधी हॉल बघू." हॉल छान निघाला.

तिथून थोडं चढून गेलं की तारेच्या आकाराचा जुना किल्ला लागतो. प्रवेश फुकट, पण वारा फार, टोपी न्याच. पांढऱ्या केसांची गाइड रंगात आली होती. "सोळाशे नव्वद साल. डेन्मार्कच्या फौजेचा सेनापती! जन्म जर्मन राजघराण्यातला, नाव काढलं डॅनिश राजाच्या चाकरीत. राजानं फौज इंग्लंडला भाड्यानं दिली, म्हणून हा आयर्लंडमध्ये. कॉर्कला वेढा घालायला इंग्रज सेनापतीही हजर. तर युअर मॅन, म्हणजे हा आपला गडी, म्हणतो, माझं घराणं मोठं, हुकूम माझाच!"

"असतात काही लोक," मेधाताई पुटपुटल्या.

"कॉर्कला आलं की होतं तसं," मी म्हटलं.

"शेवटी ठरलं, एक दिवस याचा, एक त्याचा. पहिल्या दिवशी इंग्रजानं परवलीचा शब्द ठेवला तो या सेनापतीचं नाव. दुसऱ्या दिवशी यानं त्याचं ठेवलं. ग्रँड! मग दोघांनी मिळून आमच्या शहराचं वाटोळं केलं."

सगळे हसले. मला हसू येईना. तटावर टेकून म्हटलं, "ताई, पहिला दिवस तुमचा."

त्यांनी टोपी कानांवर नीट ओढली. "बरं. पण चकल्या तू कर. माझ्या दरवर्षी विरघळतात गं. कोणाला बोलू नकोस."

त्या दिवशी त्यांच्या हुकमावरून बाजारात माशांचं गरम सूप आणि सोडा ब्रेड खाल्ला. दुसऱ्या दिवशी हुकूम माझा. दुपारपर्यंत हॉल पक्का, कार्यक्रम पक्का. ताईंनी तीनदा कुरकुर केली आणि सगळं ऐकलं.

डब्लिनला पोचल्यावर नवऱ्यानं विचारलं, "मग, प्रमुख कोण?" "एक दिवस त्या, एक दिवस मी," मी म्हटलं. मागे सरायला मी इतकी वर्षं का भीत होते, ते बॅग रिकामी करताना आठवेचना. तेवढ्यात ग्रुपवर मेधाताईंचा मेसेज आला: "यंदा आयर्लंडची दिवाळी एकच!" खाली पहिला अंगठा माझा.