टेप संपल्यानंतरची चार मिनिटं

टेपमास्तरांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. कान असलेली आणि कान फुकट गेलेली. पहिल्या प्रकारात ते स्वतः आणि नाइलाजाने त्यांचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. बाकी सगळी दुनिया दुसऱ्या प्रकारात.

उभा जन्म ध्वनिमुद्रणात गेलेला, त्यामुळे तुच्छतेची काही वानवा नव्हती. ज्या रॉक बँडचं मैफलीतलं एक लांबलचक गाणं आज तिसरी पिढी डोळे मिटून ऐकते, त्या बँडचं नाव काढलं की मास्तर विशेष खुलायचे. गायक म्हणजे नुसते केस. गिटारवाला आधी आरशात बघणार, मग सुरात लावणार. आणि ड्रमर? "त्याच्या हातात काठ्या देण्यापेक्षा खराटा दिला असता तर निदान हॉल तरी झाडून निघाला असता!"

ते गाणं मुद्रित झालं तो दिवस असा. खेळाचा भलामोठा बंदिस्त हॉल, संध्याकाळी मैफल. दुपारी माइक तपासायचे होते आणि ड्रमर मेकअपच्या खोलीत बाकावर तोंड उघडं टाकून घोरत होता. ड्रम उचलणं, मांडणं, कातडी ताणून बसवणं हे काम भाऊजींचं. मास्तरांना या धंद्यात बोट धरून आणलं तेही त्यांनीच.

"भाऊजी, जरा वाजवा हो. मला आवाज किती येतो ते बघू द्या," मास्तर म्हणाले.

भाऊजी बसले आणि चार मिनिटं थांबलेच नाहीत. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्या माणसाने असं काही वाजवलं की मास्तर बटणांना हात लावायचंच विसरले. टेप मात्र चालू होती.

संध्याकाळी मॅनेजरच्या चिक्कूपणामुळे यंत्र एकच. एका रिळात अर्धा तास मावतो. लांब गाणं सुरू होण्याआधी, टाळ्या चालू असतानाच रीळ बदलायचं, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण गाण्याआधी गायकाने क्रांतीवर भाषण ठोकलं आणि मास्तर हेडफोन गळ्यात टाकून शेजारच्या विजेवाल्याला त्याची नक्कल करून दाखवत बसले. विजेवाला पोट धरून हसला. रीळ तसंच राहिलं. गाण्याच्या मध्यावर बाकीचे थांबले, ड्रमर एकटा सुरू झाला आणि टेपचं शेपूट फटफट करत गरगरू लागलं. नवं रीळ चढेपर्यंत ड्रमरचा धिंगाणा आटपून गिटार परतही आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी ब्लेड घेतलं. दुपारची भाऊजींची चार मिनिटं कापून त्या खिंडारात बसवली आणि वर थोड्या टाळ्या पसरल्या. सांधा असा बेमालूम, की ऐकताना ड्रमरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे मी वाजवलं?"

"मग काय माझ्या मावशीने?" मास्तर म्हणाले. नोकरी वाचली.

पुढे त्या चार मिनिटांचं काय काय झालं! लेख आले, मानपत्रं आली. तसं पुन्हा कधीच का जमलं नाही, असं कुणी विचारलं की ड्रमर खोल श्वास घेऊन म्हणायचा, "असा क्षण आयुष्यात एकदाच येतो." त्याच्याकडे तोही आला नव्हता. इकडे भाऊजींची पाठ गेली, तशी बँडने त्यांना वाटेला लावलं. ते घरी बसून लोकांचे पंखे नि मिक्सर दुरुस्त करू लागले. मास्तर दर रविवारी ताईकडे जेवायला जायचे. सांगून आता काय उपयोग, भाऊजी साधा माणूस, त्यांना कुठे कळणार, अशी स्वतःची समजूत घालून हात धुवायचे.

तीस वर्षांनी त्या गाण्यावर माहितीपट निघाला. कॅमेऱ्यासमोर मास्तर आणि ड्रमर शेजारी शेजारी.

"त्या चार मिनिटांत मी समाधीत होतो," ड्रमर म्हणाला.

मास्तरांचा संयम सुटला. "समाधीत नव्हे, बाकावर! घोरत होतास. वाजवलं माझ्या भाऊजींनी." आणि टेप, ब्लेड, टाळ्या, सगळं सांगून मोकळे झाले. ड्रमरचं तोंड पुन्हा एकदा उघडं पडलेलं पाहून त्यांना फार बरं वाटलं.

तिथून छाती फुगवून ते थेट ताईकडे गेले. भाऊजी खाली बसून एका पंख्याची तार गुंडाळत होते. मास्तरांनी पराक्रम सांगितला आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

"माहीत आहे," भाऊजी मान वर न करता म्हणाले.

"कधीपासून?"

"कॅसेट आली त्या दिवसापासून. लहानपणी मोडलेला माझा डावा हात जरा मागे पडतो. स्वतःचा हात ओळखू येणार नाही होय?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"वाजवलं मी. चोरलंस तू. बोलायचं कुणी?"

आतून ताई येऊन दारात उभी राहिली होती. भाऊजींनी तार खाली ठेवली.

"दर रविवारी वाटायचं, आज बोलेल. पहिली काही वर्षं तर मी हिला मुद्दाम तुझ्या आवडीचं करायला सांगायचो. म्हटलं, पोटभर जेवला की माणूस मोकळा होतो. तू जेवायचास, त्या ड्रमरला शिव्या घालायचास आणि घरी जायचास."