हिंगाच्या डबीमागची गोळी

नंबर माझ्या नावाने लावला होता. दाखवायचं भाभीला, डोक्याच्या डॉक्टरकडे, आणि पेशंट म्हणून मी. तेही जळगावला, कारण बऱ्हाणपुरात ओळखीचं कोणीतरी पाहणारच.

"तुला तिथे कोण ओळखतं?" बा म्हणाल्या. बा म्हणजे भाभीच्या सासूबाई. "आमच्या मुलीची सगाई ठरतेय. आमच्या गुजराती समाजात असलं कानावर गेलं, की मुलाकडचे परत फिरतात."

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. शाळा सातवीत सुटली, गाव दूर परभणीकडे. परक्या मुलखात घाबरून गप्प असायचे, तेव्हा भाभीनेच शेजारी उभं राहून मला ढोकळा, उंधियू शिकवलं. नाही कसं म्हणणार? पण गावी कळलं तर मलाच वेडी ठरवतील, ही धास्ती होतीच.

डॉक्टरांनी मला विचारलं, "झोप लागते?"

मी भाभीकडे पाहिलं. भाभी खाली बघत म्हणाली, "नाही लागत. रडू येतं. जेवण जात नाही."

डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

गोळ्यांचं पाकीट माझ्या हिंगाच्या डबीमागे राहू लागलं. भाभी जेवण झालं की आत येऊन गुपचूप गोळी घ्यायची. हळूहळू तिला जेवण जायला लागलं.

मग मुलाकडची मंडळी आली. मुलाची मासी, म्हणजे मावशी, हात धुवायला थेट स्वयंपाकघरात आली. डबीमागून डोकावणारं पाकीट तिने उचललं आणि गोळीचं नाव वाचताच ओळखलं.

"ये तो दिमाग की दवाई है. किसकी है?"

"बाई की," बा दारातूनच म्हणाल्या. "बिचारी का दिमाग जरा…"

मासीने माझ्याकडे पाहिलं, मग ढोकळ्याकडे. "ऐसी बाई के हाथ का खिलाते हो?"

भाभी गप्प राहिली तर माझं काम जाणार. बोलली तर सगाई.

भाभीने मासीच्या हातून पाकीट घेतलं, गोळी काढली. "मारी छे, मासी," म्हणाली आणि सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गिळली.

मासीने ढोकळ्याचा तुकडा उचलला. तोंडात घातला नाही, हातात धरूनच बाहेर गेली.

मुलाकडचा निरोप आलेला नाही. बा भाभीशी बोलत नाहीत. पाकीट आता जेवणाच्या टेबलावर असतं, कैरीच्या छुंद्याच्या बरणीशेजारी. बा ताट मांडताना ते जरासं बाजूला सरकवतात. उचलून आत ठेव, असं मात्र मला अजून म्हणालेल्या नाहीत.