गोणीतले निखारे

ती गोणी दाजींच्या बिडीनं नाही, माझ्यामुळं पेटली होती. परवा वांगी भाजताना कोळशाचा वास आला आणि शहागडचं ताईचं घर आठवलं.

तेव्हा शेगडीतले निखारे डब्यात झाकून विझवायचे सोडून मी ते तसेच कोळशाच्या गोणीत ओतले होते. वरून काळेच दिसत होते. जेवताना ओसरीत धूर भरला. घागरी ओतून आग विझवल्यावर ताई नवऱ्यावर उखडली, "बिडी तिथंच फेकली ना?"

"आज ओढलीच न्हाई, आईची शप्पत!" दाजी म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. तेव्हापासून दाजींना बिडीसाठी भर उन्हातही रस्त्यापलीकडं जावं लागे.

काल त्यांना सगळं सांगून माफी मागितली.

"माफी बिलकुल न्हाई," दाजी खुशीत म्हणाले, "आधी तुझ्या ताईला सांग."

मग ताईला हाक मारून मी तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.