रुखवताच्या नखुल्या

माझ्या हातून बिघडलेल्या पदार्थांची यादी बायकोला तोंडपाठ आहे. त्यातला पास्ता मात्र मी दौंडच्या आमच्या घरी नाही, राहू गावी थोरल्या वहिनींच्या स्वयंपाकघरात बिघडवला. तोही नेमका अशा दिवशी, की पुतणीची नोकरी त्याच पातेल्यावर टांगलेली होती.

पुतणी रांजणगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. तीन वर्षं कांदे चिरायचे आणि चपात्या लाटायच्या. तिला जायचं होतं गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात, जिथं स्वतःच्या डोक्यानं रांधता येतं. कंपनीत मशिन बसवायला ट्युनिशियाहून दोन इंजिनिअर आले होते आणि रोजच्या पनीरला विटले होते. रविवारी त्यांना गुऱ्हाळ बघायचं होतं. हे कळल्यावर ही पोरगी थेट गेस्ट हाऊसच्या साहेबांना म्हणाली, "आमच्या राहूलाच या. जेवण मी करते. आवडलं तर माझा विचार करा."

धाडस बघा! मला रेल्वेत बदली मागायची होती तेव्हा अर्जसुद्धा बायकोकडून लिहून घेतला होता.

बेत होता पास्त्याचा, पण त्या लोकांच्या मसाल्यात. फोनवर बघून बघून तिनं तो आपल्या पद्धतीनं बसवला होता. धने, जिरे, शहाजिरे आणि दालचिनी मंद आचेवर भाजून कुटली. भिजवलेली लाल मिरची लसणाबरोबर पाट्यावर वाटली. त्यात टोमॅटो, काबुली हरभरे, आणि शेवटी दोन खजूर कुस्करून. वास असा सुटला, की जिन्नस सगळे ओळखीचे, पण ओळखीची माणसं परगावच्या बाजारात भेटावीत तसे जरा वेगळे दिसणारे.

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "ह्ये समदं आपल्याच डब्यातलं हाय की. एवढ्यासाठी ती लोकं इमानानं आली व्हय?"

वहिनींना लेकीची ही नोकरी मनातून पसंत नव्हती. पोरीनं लग्नाचं बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पोरीचं म्हणणं, आधी गेस्ट हाऊस, मग नवरदेव.

रविवारी थोरले बंधू पाहुण्यांना आणि साहेबांना गुऱ्हाळ दाखवायला घेऊन गेले. पुतणी साडी बदलायला निघाली आणि जाताना मला म्हणाली, "आप्पा, पास्ता उकळत्या पाण्यात टाकलाय. आठ मिनिटांनी गाळा. दुसरं काहीसुद्धा करू नका."

आठ मिनिटांनी मी एक तुकडा चावून बघितला. मधोमध कडक! आता सांगा, घरी आलेल्या पाहुण्याला अर्धं कच्चं वाढायचं? आमच्या खानदानात असं कधी घडलेलं नाही. मी झाकण ठेवलं, गॅस मोठा केला आणि आणखी पंधरा-वीस मिनिटं निवांत जाऊ दिली. दौंड जंक्शनात नोकरी झालेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं म्हणजे उशीर वाटतच नाही.

पुतणीनं येऊन झाकण उघडलं. आत भिंतीवर पोस्टर चिकटवायला एक नंबरची खळ तयार होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली. "आप्पा, तीनच पुडे होते. तिन्ही टाकले होते."

"मी गाडीवरून यवतला जाऊन नवे पुडे आणतो," मी म्हणालो.

"तवर सायेब हात धुऊन पाटावर बसत्याल," वहिनी म्हणाल्या. एवढंच बोलून त्यांनी लेकीला उठवलं, त्याच स्टुलावर चढल्या आणि वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा खाली घेतला. त्या डब्याला घरात कुणी हात लावत नसे. आत नखुल्या होत्या. दोन उन्हाळे शेजारणींना घेऊन, गव्हाच्या पिठाचा कण कण नखावर दाबून वळलेल्या आणि खाटेवर वाळवलेल्या. एकीपेक्षा दुसरी मोठी नाही की लहान नाही.

"आई, ह्या माझ्या रुखवताच्या हायत," पुतणी म्हणाली.

"मला नगं सांगू. वळल्यात मीच."

"अगं पण..."

"रुखवत बघायला येत्यात. ही मान्सं खायला आल्यात. नवरदेवाचा अजून पत्ता न्हाई, आन् तुझा सायेब गुऱ्हाळापातूर येऊन ठेपलाय. पानी ठेव."

मी आजवर वहिनींना पुष्कळ गोष्टींत मानत आलोय, पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण मध्ये उकळतं पातेलं होतं आणि माझा त्या दिवसाचा लौकिक बघता धोका होता.

नखुल्या शिजत असताना त्यांनी एक बाहेर काढून चिमटीत दाबली. "मधी जरा कणी ऱ्हायला पायजे. त्याबिगर दाताला कळत न्हाई." पुतणीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"भाऊजी, तुमी आता भायेर वट्यावर बसा," वहिनी म्हणाल्या. मी बसलो.

मंडळी गुऱ्हाळावरून परतली आणि वट्यावरच पंगत बसली. रश्श्यात घातलेल्या त्या नखुल्या म्हणजे इवल्या इवल्या वाट्याच. प्रत्येकीनं आपल्यापुरता रस्सा धरून ठेवलेला. पहिल्या घासाला दोन्ही पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि पुतणीचा चेहरा उतरला. मग त्यातल्या वयस्कर पाहुण्यानं एक नखुली बोटावर घेतली, निरखली, आणि अंगठा बोटावर दाबून खुणेनं विचारलं, हातानं? दारातून वहिनींनी आपला अंगठा वर करून दाखवला. त्यानं मान लववली आणि ताट पुढं केलं. दुसरा तर भाकरीनं ताट पुसायला लागला होता.

साहेबांनी विचारलं, "हा पास्ता कुठल्या कंपनीचा?"

"आईच्या," पुतणी म्हणाली.

साहेब हसले. हात धुताना म्हणाले, "उद्यापासून गेस्ट हाऊसला या. या पाहुण्यांचा मेनू तुम्हीच ठरवा."

गाडी गेल्यावर पुतणी वट्यावर बसून एकटीच हसत होती. वहिनी रिकामा डबा फडक्यानं पुसत बाहेर आल्या.

"शिफ्ट कुठली म्हनला?"

"पहिली."

"मंग पहाटं उठून डबा करावा लागंल."

"आई, तिथं स्वयंपाक मीच करणार. डबा कशाला?"

"दुसऱ्यास्नी वाढता वाढता बाईमाणूस उपाशी ऱ्हातंय, मला नगं सांगू. डबा न्यायचा. आन् तुज्या सायेबाला म्हनावं, जेवायची सुट्टी तुलाबी पायजे."