घाटे काकांचा चार दातांचा पाना

श्रद्धांजली मागाहून वाहा. आधी काकांचे पाने-पक्कड परत करा.

घाटे काकांना जाऊन आज एक वर्ष झालं. सकाळपासून आमच्या रांझी मोहल्ल्यातल्या जुन्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर तोच हार घातलेला फोटो फिरतोय. खाली 'हसतमुख व्यक्तिमत्त्व'. 'सदैव मदतीला तत्पर'.

काका हसतमुख नव्हते. चिडके होते. फॅक्टरीतून रिटायर झाले तरी कोणाच्या गाडीचा नट घासलेला दिसला की त्यांचं डोकं फिरायचं.

आणि मदतीला तत्पर होते म्हणूनच त्यांची अर्धी अवजारं आज तुमच्या-माझ्या घरात पडून आहेत.

शिसारी आली ते मेसेज वाचून. सर्वात जास्त माझीच आली. का ते सांगतो.

पहिली मोटरसायकल मी सेकंडहँड घेतली, काकांच्याच मॉडेलची. सोबत ऑनलाइन सेलमधून शेहेचाळीस पीसचा टूलबॉक्स मागवला आणि ऐटीत त्यांच्या पोर्चमध्ये नेऊन उघडला.

"हे काहून घेतलं रे?"

"सेल होता काका."

"अच्छा. म्हणजे दुकान टाकून राहिला तू."

त्यांनी एकेक वस्तू उचलून बाजूला काढायला सुरुवात केली. शेवटी माझ्यासमोर मोजकंच उरलं. दोन रिंग पाने, प्लग पाना, एक चपटा आणि एक फुलीचा पेचकस. त्यात त्यांनी घरातून आणून चेनचा ब्रश, हवेचा गेज आणि एक फाटकी बनियान टाकली.

"घरी गाडी सांभाळायला एवढं बस झालं. बाकी डब्बा आईला दे, मसाले ठेवेल."

"आणि पक्कड?"

"पक्कड तार वाकवायला. नटाला लावलेली दिसली तर माझ्या फाटकात पाय ठेवायचा नाही."

मी डबा परत केला नाही. चकचकीत होता ना.

काकांची स्वतःची अवजारं एका जाड कापडी गुंडाळीत असायची. प्रत्येकाला शिवलेला कप्पा. त्यात एक पाना होता, जो कुठल्याच दुकानात मिळाला नसता. क्लचचा नट गोल असतो, त्याला चार खाचा असतात. काकांनी लोखंडी पाइपचा तुकडा कानशीने घासून त्याला चार दात काढले होते. चार दात चार खाचांत बसायचे आणि नट गुपचूप सुटायचा.

"मिस्त्री लोग काय करतात माहीत आहे? छेनी ठेवतात नटावर अन् हातोडी मारतात. घिन येते मला. सही में, घिन येते."

एका रविवारी माझा क्लच स्लिप होत होता म्हणून मी तो पाना मागून नेला.

मग माझं लग्न झालं, आम्ही रांझी सोडून चेरीतालला राहायला गेलो. काही महिन्यांनी काकांचा फोन आला.

"भैया, तो चार दातांचा तुझ्याकडे तर नाही राहून गेला?"

मी सोफ्यावर पडून मॅच बघत होतो. उठलो नाही. डबा समोरच्याच कपाटात होता, तो उघडला नाही.

"नाही काका, मी तर तेव्हाच आणून दिला."

"अच्छा. चलो, मग इथंच असेल कुठं."

त्यांच्या मुलीने, रेवाने, मला नंतर सांगितलं की त्यांनी दोन दिवस अख्खी स्टोअररूम उपसली होती. स्वतःच्या विसरभोळेपणाला शिव्या देत.

काका गेले. रेवाला त्यांचीच गाडी चालवायची होती. गाडी चालू राहिली तर बाबा घरातच आहेत असं वाटतं, म्हणाली होती. पावसाळ्यात क्लच गेला तेव्हा तिने ग्रुपवर टाकलं, "बाबांचा चार दातांचा पाना कोणाकडे आहे का? गाडी खोलायची आहे."

खाली सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. इमोजी.

मग मिस्त्री आला. त्याने छेनी ठेवली, हातोडी मारली. नट तुटला, आतले आटे गेले, इंजिनला तडा गेला. एवढ्या जुन्या गाडीचे पार्ट मिळेनात. दिवाळीआधी लोडर टेम्पोवाला ती भंगारात घेऊन गेला.

गेल्या रविवारी मी तो शेहेचाळीस पीसचा डबा रिकामा केला. प्लास्टिकचा ट्रे उचलला. खाली चार दातांचा पाना होता. काकांच्याच बनियानमध्ये गुंडाळलेला.

मी तो घेऊन रांझीला गेलो. पोर्चमध्ये गाडीच्या जागी आता कुंड्या आहेत. फरशीवर ऑइलचा डाग तसाच आहे.

रेवाने पाना हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"दादा, तुम्ही तर बाबांना म्हणाले होते, दिला."

"हो. न बघताच म्हणालो होतो."

तिने अंगठ्याने एकेक दात चाचपला. ओरडली असती तर बरं झालं असतं. काकू मध्येच म्हणाल्या, "मिळाला न, चलो. चहा घेऊन जाशील."

मी तो चहा प्यायलो.

रेवाने गुंडाळी उघडली. पान्याच्या कप्प्यात काकांनी दुसरं काहीच ठेवलं नव्हतं. पाना आत सरकला, अगदी बरोबर बसला.

त्याच गुंडाळीत अजून तीन कप्पे रिकामे आहेत. बारा-चौदाचा रिंग पाना, बारीक फट मोजायचा फिलर गेज आणि मोठा पेचकस. खाली कॉमेंटमध्ये हात जोडण्याआधी उठा आणि आपापले डबे उघडून बघा. रेवा संध्याकाळी सहानंतर घरी असते.

काका, तुमचा पाना जागेवर ठेवला. गाडी नाही वाचवता आली.

तुम्ही विसरला नव्हता. मी उठलो नव्हतो.

नमस्कार.