अव्वांचा नियम

आमच्या घरात एक नियम आहे आणि एक नाच आहे, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं कित्येक वर्षं ठरलेलं होतं. नियम सासूबाईंचा, नाच माझा. आम्ही दोघी एकाच ओट्यावर स्वयंपाक करतो, एकमेकींवाचून आमचं पान हलत नाही, पण मी काय नाचते ते त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

सासूबाईंना घरात, गल्लीत, मार्केट यार्डात सगळे अव्वा म्हणतात. सांगलीतलं जैन घर, हळदीचा जुना व्यापार, आणि आईला कानडी नावाने हाक मारायची रीत. मी माणदेशातली, धनगराची मुलगी. पुण्याला शिकायला गेले आणि पदवीबरोबर नाच आणि नवरा दोन्ही घेऊन परत आले. वडिलांना जावई एक वेळ पचला, पण आधुनिक नृत्य म्हणजे काय ते गावात सांगायची त्यांची पंचाईत व्हायची. "पोरगी काय करती?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "तालमीत असती." आमच्याकडे तालीम म्हणजे कुस्तीची. लोकांच्या नजरेत एकदम आदर यायचा. एका जत्रेत एका पैलवानाने मला मोठ्या अदबीने विचारलं, "ताई, कुठल्या वजनगटात खेळता?" मी वजन सांगून मोकळी झाले.

नियमाची गोष्ट वेगळी. अव्वा आणि सासरे दोघंही नाटकवेडे. सांगलीच्या माणसाला नाटकाचं वेड असण्यात नवल नाही. इथे जो नट नसतो तो निदान टीकाकार तरी असतोच. पण या दोघांचं वेड पक्कं होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, दुकान बंद करायचं आणि स्कूटरवरून नाट्यगृह गाठायचं. आमच्या लग्नाच्या वर्षीच सासरे गेले. पुढच्या चातुर्मासात अव्वांनी मुनिमहाराजांसमोर हात जोडून आयुष्यभराचा नियम घेतला. नाटक, सिनेमा, नाच, टीव्ही, यातलं काहीही डोळ्यांनी बघायचं नाही. मी नवी सून. मला वाटलं, हा माझ्यावरचाच राग. धीर करून विचारलं.

"तुज्यावर कशाला रागावू?" अव्वा म्हणाल्या. "आवडतं तेच सोडायचं असतंय बाळ. कारलं सोडून कुणाला पुण्य लागलंय का?"

 नाट्यगृहातली सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची त्यांनी नियम घेतला त्या दिवशीच सोडून दिली होती.

आमचा नाचाचा गट सातारा आणि सांगलीतल्या सहा-सात जणांचा. गट चालवतात आणि नाच बसवतात ते साताऱ्याचे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. जागेसाठी आम्ही दारोदार हिंडत होतो तेव्हा अव्वांनी आपणहून हळदीचं गोदाम देऊ केलं. दिवाळीपर्यंत जुना माल विकला जातो, नवी हळद यायला उन्हाळा लागतो, मधे ते रिकामंच असतं. त्यांच्या अटी एवढ्याच होत्या, की चामड्याची वस्तू आत न्यायची नाही, आत कांदा-लसूण खायचा नाही, आणि तालमीला आलेल्या प्रत्येकाने सूर्यास्ताच्या आत जेवायचं. पहिल्या अटीला आम्ही हसलो, कारण आम्ही नाचतो ते अनवाणी. तिसऱ्या अटीवर दादा कुरकुरले. त्यांचं रात्रीचं जेवण दहाच्या आत कधी झालं नव्हतं. महिनाभरात त्यांचं पित्त गेलं, मग साताऱ्यात जाऊन ते जैन जेवणाच्या वेळेचा प्रचार करू लागले.

गोदाम कितीही झाडलं तरी फटीफटीतून हळद निघायचीच. आमचे तळवे, कोपर, गुडघे सगळे पिवळे. "रोज हळद लागतीय, लग्न मात्र कुणाचंच न्हाई," असं अव्वा तालमीतल्या पोरींना चिडवायच्या. ऊन कललं की त्या डबे घेऊन यायच्या. भाकरी, वांग्याची भाजी, कधी लसणाशिवायचं भडंग. लसणाशिवाय भडंग कसलं, असं कुणीही सांगलीकर म्हणेल. त्याने अव्वांच्या हातचं खाल्लेलं नाही.

डबे उंबऱ्याशी ठेवून त्या मान वळवून निघून जायच्या. या वर्षीच्या हंगामात मात्र एक दिवस त्या गेल्या नाहीत. शटरच्या बाहेर एक खोकं उपडं घातलं, आमच्याकडे पाठ केली आणि मटकी निवडायला बसल्या. मी घाम पुसत बाहेर आले.

"अव्वा, तुमचा नियम?"

"नियम बघायचा हाय. ऐकायचा न्हाई."

मग ते रोजचंच झालं. आत आमची पावलं, बाहेर त्यांच्या सुपाचा आवाज. आमच्या नाचात बराच वेळ संगीत नसतं, नुसते पाय आणि श्वास. अव्वांना त्यावरून सगळं कळायला लागलं. साताऱ्याचं पोरगं उशिरा आलं, दोघीजणी एकमेकींवर आपटल्या, दादा चिडलेत आणि चिडलेत ते दाखवत नाहीत, हे सगळं रोज रात्री त्या मला सांगायच्या. एकदा देवघरात वात लावताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डावा पाय जपून टाकतीस. कवापासनं?"

मी हादरलेच. गुडघ्याचं मी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा हंगाम कसाबसा करा आणि थांबा. दादांनाही पत्ता नव्हता. मी अव्वांच्या शेजारी जमिनीवर बसले, तर बसतानाही गुडघा कटकन वाजला.

"ह्ये बघ, आता भिंतीलाबी कळलं," त्या म्हणाल्या, आणि रात्री एरंडाची पानं गरम करून बांधली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुखत होतं, पण ते कारण नव्हतं. माझा नाच संपत आला होता आणि या बाईने तो एकदाही पाहिला नव्हता. आणि नेमका या वर्षीचा नाच त्यांचाच होता.

झालं होतं असं. हंगामाच्या सुरुवातीला दादा म्हणाले, घरातलं रोज दिसणारं एक काम घेऊन या. मी अव्वांचं पाणी घेऊन गेले. आमच्या परसात विहीर आहे. नळ आला तरी अव्वा पिण्याचं पाणी विहिरीचंच काढतात आणि दुहेरी कापडातून गाळतात. यात काही विशेष नाही. विशेष आहे ते नंतरचं. कापडात राहिलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्या गाळलेल्या पाण्याने हळूच धुऊन घेतात आणि ते पाणी परत त्याच विहिरीत सोडतात. वरून ओतत नाहीत. जिवांना मार लागेल म्हणून छोटी कळशी दोरीने पार पाण्याला टेकेपर्यंत खाली न्यायची आणि मग अलगद कलती करायची. याला जिवाणी म्हणतात. माझ्या माहेरी पाणी गाळणं सोडाच, टँकर आला तरी दिवाळी. लग्न होऊन आले तेव्हा मला ते सगळं रिकामटेकडं वाटलं होतं. मग रोज बघता बघता कधी आवडायला लागलं ते कळलं नाही. मनगट कलतं करताना अव्वा श्वास रोखून धरतात, बाळाला पाळण्यात ठेवताना धरतात तसा.

दादांनी त्या एका कामावर सगळा नाच उभा केला. धावणं, पडणं, एकमेकांना उचलणं, आणि शेवटी सगळे थांबतात आणि मी एकटी गुडघ्यावर बसून रिकाम्या हातांनी जिवाणी सोडते. पूर्ण शांततेत.

ती शांतता अव्वांना खटकायची. "शेवटाला तुमी समदी गप हुता. लय येळ. माजा जीव टांगणीला लागतो. तवा काय करतीस गं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "नगं. सांगितलंस तर बघितल्यासारखंच हुईल. ऐकू येतं तेवढंच माजं."

 मी जाऊन पिवळ्या पडलेल्या साड्या भिजत घातल्या.

पहिला प्रयोग सांगलीत झाला. नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं, आणि टाळ्याही चांगल्या पडल्या. नंतर एक गृहस्थ भेटायला आले आणि आपुलकीने म्हणाले, "छानच. पण नाटक नक्की कुठून सुरू झालं?" साताऱ्याला पहिल्या रांगेत एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी दादांना कडक सॅल्यूट ठोकला. "कवायत एक नंबर. बँड कमी पडला." दादा तेव्हापासून प्रत्येक तालमीत आमचा बँड कुठे आहे ते विचारतात.

मग पुण्याच्या एका महोत्सवात आमच्या नाचाला पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला आणि खाली छापलं होतं, सांगलीच्या लोकनृत्याची बाजी. गल्लीतल्या महिला मंडळाने नारळ आणि साडी देऊन माझा सत्कार केला. वडिलांचा गावाकडून फोन आला, "गड्या, लोक इचारत्यात, कुणाला पाडलंस?" मी पोट धरून हसले आणि फोन ठेवल्यावर ढसाढसा रडले. परीक्षकांनी पाहिलं, सुभेदारांनी पाहिलं, ज्यांना काही कळलं नाही त्यांनीही पाहिलं. मी सन्मानचिन्ह अव्वांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पदराने पुसलं आणि सासऱ्यांच्या फोटोशेजारी ठेवलं. "ह्यास्नी दिसू दे," म्हणाल्या.

गुढीपाडव्याच्या सुमाराला नवी हळद आली, गोदाम पोत्यांनी भरलं आणि आमची तालीम बंद झाली. हंगामाचा एकच प्रयोग उरला होता, सांगलीतलाच. दादांना मी गुडघ्याचं सांगितलं. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

दोन दिवसांनी अव्वा स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "तालीम न्हाई तर घर लय मोकळं वाटाय लागलंय. शेवटच्याला मी येऊ का? पाठ करून बसीन. कुणाच्या मधी येणार न्हाई."

मी दादांकडे गेले आणि म्हटलं, शेवटच्या जागेला मला खरं पाणी हवं. पितळी तांब्या, गाळायचं कापड, खाली पातेलं, आणि विहीर म्हणून पाण्याने भरलेलं घंगाळ. दादांनी साफ नाही म्हटलं. पाणी रिकाम्या हातात दिसतं म्हणून तर तो नाच आहे. आणि बक्षीस मिळालेल्या गोष्टीला हात लावायचा नसतो. त्यांचं बरोबरच होतं. आणि मलाही एक अडचण होतीच. जिवाणी आवाज न करता सोडायची असते. अव्वांना ऐकू यावं म्हणून मी ती वरून ओतली असती, तर त्यांना ऐकू आलं असतं, पण ते चुकीचं ऐकू आलं असतं.

प्रयोगाच्या दिवशी अव्वा पाच वाजता जेवून निघाल्या. नवऱ्याने विंगेत त्यांच्यासाठी खुर्ची टाकली, पाठ रंगमंचाकडे करून. पांढरी साडी, डोक्यावर पदर, समोर नुसती भिंत. बाकीचा नाच कसा झाला ते मला सांगता येणार नाही. डावा पाय मी जपला नाही, एवढं आठवतं. सगळे थांबले. मी गुडघ्यावर बसले आणि काळ्या पडद्याआड लपवून ठेवलेला तांब्या, कापड, पातेलं आणि घंगाळ पुढे ओढलं. समोरच्या विंगेतून दादा डोळे वटारून बघत होते. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

पातेल्यावर कापड धरलं आणि पाणी ओतलं. शांततेत ती धार नाट्यगृहभर ऐकू गेली. आमच्या परसात रोज सकाळी ऐकू येते तशीच, आधी जोरात, मग थेंब थेंब. विंगेतली पाठ एकदम ताठ झाली. मग मी कापड उलटं केलं, रिकाम्या तांब्यात धुऊन घेतलं आणि तो तांब्या घंगाळातल्या पाण्यापर्यंत खाली, अगदी खाली नेला. आता काहीच आवाज नव्हता. मी मनगट कलतं करता करता विंगेकडे पाहिलं. अव्वांचा उजवा हात खुर्चीबाहेर आला होता. तो सावकाश खाली गेला, थांबला आणि अलगद कलता झाला. माझ्याबरोबरच. त्यांचे खांदे वर खेचलेले होते, म्हणजे श्वास रोखलेला होता. त्यांनी मला बघावं म्हणून मी इतकी वर्षं झुरले, आणि त्या संध्याकाळी मीच त्यांना बघत राहिले.

पडदा पडला. दादा जवळ आले, "आपण उद्या भांडू," म्हणाले, आणि डोळे पुसत निघून गेले.

मी लंगडत विंगेत गेले. अव्वा अजून भिंतीकडे तोंड करूनच बसल्या होत्या. मी पुढे जाऊन त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझे ओले हात आपल्या हातात घेतले, पदराने कोरडे केले आणि हळू आवाजात विचारलं, "पोचलं का गं समदं, पाण्यात?"

"पोचलं, अव्वा," मी म्हटलं.