दादाच्या बुडालेल्या नगरीपर्यंत, सारसोळेमार्गे

प्रवासवर्णन लिहायचे तर प्रवास लांबचा हवा, असा संकेत आहे. माझा प्रवास बेलापूरच्या घरापासून सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत रिक्षाने आणि तिथून पुढे होडीने, एवढाच झाला. त्याचे कारण मात्र साताऱ्याहून आले होते.

माझा थोरला भाऊ, दादा, दिवाळीत अंगणात पडला आणि त्याच्या खुब्याचे हाड मोडले. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला हा माणूस त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. बोलणे संपले, दाढी वाढली. पुढे कोणीतरी त्याला फोनवरचे काही व्हिडिओ दाखवले. हिमयुगाच्या शेवटी समुद्र चढला, पश्चिम किनाऱ्यावरचे एक प्रगत राष्ट्र बुडाले आणि विद्वानांनी संगनमताने ते इतिहासातून पुसून टाकले, असा त्यांचा सिद्धान्त. दादा उठून बसला. उशीला टेकून, दोन बोटांनी उपग्रहचित्रे मोठी करत तो किनारा धुंडाळू लागला. एके दिवशी त्याला नेरुळच्या कडेला, खाडीच्या चिखलात, काटकोनात आखलेले चौकोन दिसले.

"आबा, रस्ते हायत रं हे," तो फोनवर म्हणाला. "निसर्ग सरळ रेघ काढत न्हाई. तू तितंच राहतोस, जाऊन बघ."

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे. त्याला सांगितले की या विधानातून फार तर एवढे निघते, की रेषा माणसाने काढल्या. कोणत्या माणसाने आणि कधी, हे त्यातून निघत नाही.

"म्हणून तर जा म्हणतोय."

यावर माझ्याकडे आक्षेप नव्हता.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडावा, कारण तेव्हा ओहोटी खोल उतरते आणि आपल्याकडे ती साधारण पहाटे-सकाळीच असते. होडीचे भाडे चढण्यापूर्वी ठरवावे. जुने, नाडीचे बूट घालावेत. चपला चिखल ठेवून घेतो. मी माघातल्या अमावास्येला उजाडण्यापूर्वी निघालो. कुलूप लावताना "येतो" म्हणायची सवय माझी पत्नी सुमन गेल्यानंतरही सुटलेली नाही. आत कोणी नसते, हे ठाऊक असूनही मी क्षणभर थांबतो.

जेट्टीवर पोहोचलो तोच वहिनीचा फोन आला. आवाज दबलेला होता. ती स्वयंपाकघरातून बोलत असावी.

"भाऊजी, आज ह्यांनी आपणहून दाढी करून घेतली. फोन हातात धरून बसल्यात. तितं काय नसलं तर?"

"तर नाही म्हणून सांगेन."

"खोटं बोला असं मी म्हणत न्हाई. पण एकदम तोडून टाकू नका. तुमची सवय हाय ती." जरा थांबून ती म्हणाली, "पुन्हा भिंतीकडं तोंड केलं, तर मला न्हाई व्हायचं उठवणं."

होडीवाल्याचे नाव मोरेश्वर. चाळिशीचा, गळ्यात मफलर, तोंडात मिश्री.

"फ्लेमिंगो बघाला आलाव काय, काका?"

"नाही. एक शहर पाहायचे आहे."

त्याने माझ्यामागच्या नेरुळच्या टॉवरांकडे मान वळवली. "शहर त मागं हाय."

"बुडालेले."

"मंग बसा." वल्हे उचलून तो म्हणाला, "सोना भेटला त अर्धा माझा."

"आणि नुसती खापरे मिळाली तर?"

"ती समदी तुमची."

तिवरांच्या रांगेतून होडी सरकत राहिली. दूरच्या चिखलावर एक फिकट गुलाबी थर होता. तो हलला, तेव्हा पक्षी आहेत हे कळले. मोरेश्वरने मला एका उंचवट्याशी उतरवले आणि पाणी पलटायच्या आत परतायला बजावले.

चौकोन खरोखरच होते. सरळ, समान, एकमेकांना काटकोनात छेदणारे बांध तिवरांच्या मुळांखालून दूरवर जात होते. त्यांतल्या एकावर उभा असताना, पायाखाली रस्ता आहे असे मलाही वाटले. ते वाटणे किती वेळ टिकले हे मी मोजले नाही. लगेच गेले नाही, एवढे नोंदवतो.

मग मी पाहू लागलो. प्रत्येक चौकोनाची जमीन बांधापेक्षा खाली. एकालाही उंबरा नाही. सगळ्यांना जोडणारा एक चर, तो खाडीकडे जाणारा. चराच्या तोंडाशी कुजलेले दोन लाकडी खांब, त्यांत फळी सरकवण्याची खाच. ज्या नगरीत समुद्राचे पाणी प्रत्येक घरात मुद्दाम घेण्याची सोय आहे, ती नगरी नव्हे. ते मिठागर होते. सोडून दिलेले, आणि फारसे जुनेही नसावे.

मी व्हिडिओ कॉल लावला. दादा टेकून बसला होता. गुळगुळीत दाढी, कानटोपी, इस्त्रीचा शर्ट.

"फिरव," तो म्हणाला. मी फोन फिरवला. तो पडद्याकडे झुकला. मग हळूच म्हणाला, "काय सरळ वढल्यात."

चित्रकलेच्या शिक्षकाने हात जमलेल्या मुलाच्या वहीकडे पाहावे, तसे तो पाहत होता.

"बोल आता, आबा."

वहिनीचे म्हणणे मी विसरलो नव्हतो. न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हा भेदही मला ठाऊक होता. पण प्रश्न सरळ होता, आणि विचारणारा दादा होता.

"मिठागर आहे, दादा. भरतीचे पाणी आत घ्यायची फळी इथे बसवत असत."

त्याच्या मागे उभ्या वहिनीने पदर तोंडाशी नेला. दादाने मान हलवली. "बरं. ठिवतो," म्हणाला, आणि पडद्यावर माझाच चेहरा उरला.

"पानी पलटला, काका," मोरेश्वरने हाक दिली. परतताना त्याने सोन्याचे विचारले नाही.

जेट्टीबाहेरच्या टपरीवर उसळपाव चांगला मिळतो. मी अर्धा टाकला. घरी येऊन बूट न्हाणीघरात धुतले. खाडीचा चिखल वाळल्यावर राखाडी होतो आणि फरशीच्या सांध्यांत बसतो. त्या संध्याकाळी साताऱ्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आपण होऊन करावा, तर वहिनी काय सांगेल याचा अंदाज होता. मी ब्रश घेऊन सांधे घासत बसलो. घरात तेवढाच आवाज होता.

तिसऱ्या दिवशी, मी चहा गाळत असताना, फोन वाजला.

"आबा, मी इचार केला," दादा म्हणाला. "मिठागर बांधनारी मानसं खुळी नव्हती. निव्वळ चिखलात एवढा सरळ बांध कसा टिकंल? खाली कायतरी जुनं, टणक असनार. त्यांनी ते आयतं वापरलं. खाली काय हाय, ते बघितलंस का तू?"

मागून वहिनी म्हणाली, "कालपास्नं कागद-पेन्सिल घेऊन बसल्यात, भाऊजी. चौकोनच काढायला लागल्यात."

प्रत्येक खंडनाखाली नवा तळ शोधणारा सिद्धान्त का टाकाऊ असतो, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून शिकवले आहे. दादाच्या प्रश्नाचे उत्तरही अवघड नाही. मिठागराचा बांध चिखलाचाच घालतात, कारण चिखल पाणी धरतो. खाली टणक काही असण्याची गरज नसते. दोन वाक्ये पुरली असती.

"नाही," मी म्हणालो. "खाली पाहिले नाही."

हे विधान सत्य आहे.